झाडांची बाजू

डिस्क गोल्फ हा लांब फेकण्याचा खेळ आहे, असं माझं ठाम मत होतं. मोकळं मैदान, पाचशे फुटांवर बास्केट, हातात धारदार कडेचा ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीची डिस्क. बाकी सगळा पोरखेळ. कॅलिफोर्नियात पॅसाडिनाजवळ हाहामोंग्ना पार्कात असलेला ओक ग्रोव्हचा कोर्स तर मला एकदा बघून सोडून द्यायच्या लायकीचाच वाटायचा.

त्या कोर्सचा मान मात्र मी तेव्हाही नाकारत नव्हतो. जगातला पहिला कायमस्वरूपी डिस्क गोल्फ कोर्स म्हणून तो ओळखला जातो. ‘स्टेडी एड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एड हेड्रिकने तो 1975 साली बसवला. तेव्हा लक्ष्य म्हणून नुसते खांब असायचे. डिस्क खांबाला लागली की बाजूने गेली, यावरून भांडणं जुंपायची. त्यातूनच साखळ्यांची बास्केट निघाली. फेकायला होत्या त्या बोथट कडेच्या फ्रिस्बी. निमुळत्या कडेची डिस्क 1983 मध्ये आली आणि अंतरं वाढत गेली. म्हणून तेव्हा माझं म्हणणं असं, की आजचे ड्रायव्हर जन्मालाही आले नव्हते तेव्हा आखलेल्या या आखूड होल्समध्ये आता कस कसला लागणार? आणि झाडांवर आपटणं तर निव्वळ नशीब!

ओक ग्रोव्हला नेमाने येणाऱ्या एका वयस्क गृहस्थांबरोबर खेळू लागलो आणि या मताला हळूहळू तडे गेले. ते जवळजवळ सगळा खेळ पुटरवर, म्हणजे जवळच्या फेकीच्या संथ डिस्कवर खेळायचे. एका टीसमोर, म्हणजे पहिली फेक करायच्या जागेसमोर, ओकची दोन खोडं, मध्ये दाराएवढी फट आणि वर आडवी आलेली फांदी. ड्रायव्हर सरळ जायला भरपूर वेग लागतो. फांदी चुकवायला हात आखडला की माझ्या उजव्या हाताच्या बॅकहँडने तो लगेच डावीकडे मुरडायचा आणि खोडावर खाडकन आदळायचा. त्यांचा पुटर त्याच फटीतून संथपणे, न डुगडुगता पार व्हायचा. ते अंतराचं नावही काढायचे नाहीत. डिस्क सोडताना तिची कड किती कलली, एवढंच बघायचे.

मोकळ्या मैदानात डिस्क तीस फूट डावीकडे गेली तरी काय बिघडतं? चार पावलं जास्त चालायची, पुन्हा फेकायची; वर सोबतचे ‘काय लांब गेली!’ म्हणतात. तोच कल इथे साठ फुटांतच पकडला जातो. कॅरममध्ये जोर दाखवणाऱ्याचं जे होतं, तेच.

सगळंच पटलं असंही नाही. खोडावरून उडालेली डिस्क कधी फेअरवेवर पडते, कधी झुडपात. तो भाग नशिबाचाच, असं मी अजूनही म्हणतो. टीजवळच्या खोडांच्या साली आमच्या माऱ्याने सोलवटतात, तेही डाचतं. पण आखूड होल म्हणजे सोपं होल, हे आता मी कुणाला सांगणार नाही. पूर्वी एखादी फांदी मोडून पडली, की वाट मोकळी झाली म्हणून मला आनंद व्हायचा. आता तिथे नवं रोप लावावं, असं मीच म्हणत असतो. ओक वाढायला वर्षं लागतात. तोवर ड्रायव्हरवाल्यांची चंगळ आहे.