चुंबळींतलीं द्राक्षें

यूरोपांतील द्राक्षमळा म्हटला कीं, टेकडीच्या उतारावर तारांना बांधलेल्या वेलींच्या सरळ रांगा डोळ्यांपुढें येतात. नाशिककडील मंडळींस तारांचा मांडव आठवेल. ग्रीस देशाच्या सांतोरिनी बेटावर उतरलेला प्रवासी हीच कल्पना मनांत धरून मळा शोधूं लागतो, आणि त्याला मळा दिसतच नाहीं. दिसतें तें करड्या राखेचें रान, व त्यांत जागोजाग जमिनीला चिकटून बसलेलीं हिरवीं वेटोळीं. पाण्याची घागर डोक्यावर घेण्यापूर्वीं आपल्याकडे बायका धडप्याची चुंबळ करीत, तसा त्यांचा आकार. हाच तेथला द्राक्षमळा.

हें बेट म्हणजे एका ज्वालामुखीचा उरलेला काठ आहे. अथेन्सजवळच्या पिरिअस बंदरांतून निघालेली बोट कड्यांनीं वेढलेल्या ज्या खोल, निळ्या पाण्यांत शिरते, त्याच जागीं एके काळीं बेटाचा मध्यभाग होता. सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वीं येथें प्रचंड स्फोट झाला, मधली जमीन समुद्रांत गेली आणि राहिलेल्या भागावर राखेचा व प्यूमिस दगडाचा जाड थर बसला. प्यूमिस म्हणजे पाय घासण्याच्या वजरीसारखा हलका, भोकाभोकांचा दगड. एकोणिसाव्या शतकांत सुवेझ कालव्याच्या बांधकामासाठीं हीच राख जहाजें भरभरून नेण्यांत आली. तेव्हां त्या कालव्यांतून विलायतेस गेलेले आपले वाडवडील नकळत या बेटाच्या मातीजवळून गेले म्हणावयाचे!

या बेटावर नदी नाहीं. वर्षाचा पाऊस सरासरीनें ३५० मिलिमीटरच्या आंतच, आणि तोहि बहुतेक हिवाळ्यांत. उन्हाळा कोरडा ठणठणीत. त्यांत उत्तरेकडून जो वारा सुटतो, तो उभ्या वेलीचे कोंब मोडून टाकील इतका जोराचा. म्हणून तेथल्या शेतकऱ्यानें फार पूर्वींच वेलीला खालीं बसावयास शिकविलें. हिवाळ्यांत छाटणी करतांना राखलेल्या काड्या एकमेकींत गुंतवून तो जमिनीवर गोल कडें वळवितो. दरवर्षीं त्यावर नवा फेरा चढतो व हळुहळू परडी तयार होते. ग्रीक भाषेंत तिला ‘कुलूरा’ म्हणतात. द्राक्षांचे घोंस या परडीच्या आंत धरतात. बाहेरून वारा व वाळू लागत नाहीं, वरून पानांची सांवली असते. रात्रीं समुद्रावरून धुकें येतें, त्याचा ओलावा तो सच्छिद्र दगड शोषून घेतो आणि दिवसभर वेलीला पुरवितो. वेलीची तहान भागते ती मुख्यतः एवढ्यावर.

या निर्दय मातीनें एक मोठा उपकारहि केला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतून आलेल्या ‘फिलॉक्सेरा’ नांवाच्या सूक्ष्म किडीनें यूरोपांतील द्राक्षमळ्यांचीं मुळें खाऊन टाकलीं; तेव्हांपासून तेथें बहुतेक सर्वत्र अमेरिकन खुंटावर कलम करूनच द्राक्षें लावतात. सांतोरिनीच्या मातीत चिकणमातीचा अंश नाहींच म्हटला तरी चालेल, आणि अशा भुसभुशीत रेतींत ती कीड जगत नाहीं. त्यामुळें येथील वेली आपल्या स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत (खरें म्हणजे बसल्या आहेत). परडी जुनी होऊन फळ कमी येऊं लागलें कीं ती कापून टाकावयाची. त्याच मुळांतून नवा फुटवा येतो. वरची वेल नातवाची आणि खालचें मूळ खापरपणजोबांचें, असा प्रकार येथें नित्याचा आहे.

एपिस्कोपी गोनिया येथें अर्गिरोस घराण्याचा मळा आहे. १९०३ सालीं लहानशा जमिनीवर सुरू झालेला हा व्यवसाय २००४ पासून चौथ्या पिढींतील मात्थेओस अर्गिरोस पाहतात. आज या घराण्याची लागवड शंभर हेक्टरांच्या पुढें गेली आहे. ऑगस्टमध्यें तोडणी सुरू होते. तेथें यंत्राचें कांहीं चालत नाहीं. माणसानें गुडघे टेकून, परडींत हात घालून एकेक घोंस काढावयाचा.

‘मद्य’ हा शब्द दिसतांच ज्यांच्या कपाळावर आठी उमटेल, त्या वाचकांस माझी विनंति एवढीच कीं, त्यांनीं पेला बाजूस ठेवून वेलीकडे पाहावें. द्राक्षासवाची बाटली औषध म्हणून आपल्या कित्येक घरांतून असतेच कीं! शिवाय येथला ‘विनसांतो’ करण्याची रीत आपल्या गृहिणींस अगदीं ओळखीची वाटेल. पिकलेलीं द्राक्षें सुमारें दोन आठवडे उन्हांत पसरून चक्क वाळवण घालतात, सुरकुतल्यावर त्यांचा घट्ट, गोड रस काढतात, व तो लांकडी पिंपांत निदान दोन वर्षें मुरवितात. अर्गिरोस यांच्या तळघरांतील कांहीं पिंपें वीस वर्षें उघडत नाहींत. पूर्वीं हा आसव रशियांतील चर्चमध्यें तीर्थासारखा देण्यासाठीं जात असे.

येथील मुख्य वाण ‘असिर्तिको’. कडक उन्हांत पिकूनहि या पांढऱ्या द्राक्षाचा आंबटपणा टिकून राहतो, हा त्याचा विशेष गुण. उष्ण हवेंत इतर द्राक्षें नुसतीं गोड होतात व त्यांचा आसव मिळमिळीत लागतो. पृथ्वी तापत चाललेल्या या काळांत अशा वाणाला महत्त्व आलें तर नवल नाहीं. २००६ सालीं दक्षिण ऑस्ट्रेलियांतील क्लेअर खोऱ्याचे पीटर बॅरी सांतोरिनीस आले होते. त्यांचाहि व्यवसाय घरचाच, वडिलांनीं उभारलेला. उन्हाळ्यांत पोळणाऱ्या आपल्या मुलुखांत हें द्राक्ष रुजेल असें त्यांच्या मनानें घेतलें. काड्या मागवून, सरकारी निर्बंधांचीं वर्षें काढून त्यांनीं लागवड केली, आणि २०१६ च्या पिकाचा आसव बाजारांत आणला.

परक्या भूमींत वेल अशी वाढत असतां तिच्या माहेरीं मात्र जागेची ओढाताण चालू आहे. ९ जुलै १९५६ च्या भूकंपानें घरें पडलीं, माणसें मेलीं, कित्येक कुटुंबें बेट सोडून गेलीं. पुढें प्रवासी येऊं लागले. सुमारें पंधरा हजार वस्तीच्या या बेटावर आतां वर्षास तीस लाखांहून अधिक पाहुणे उतरतात, आणि ज्या जमिनींत थोडकीं द्राक्षें पिकतात त्याच जमिनींत हॉटेलाच्या खोल्या कितीतरी अधिक पिकतात. मला या शेतकऱ्यांस दोष देववत नाहीं. उन्हांत ओणवें होऊन परड्या वळणाऱ्या बापाचा मुलगा हॉटेलच्या मेजावर बसणें पसंत करील, हें उघड आहे. पण परडी वळण्याचें कसब हातोहातच शिकावें लागतें.

२०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारींत बेटाजवळचा समुद्रतळ पुन्हा हादरूं लागला. धक्क्यांमागून धक्के येत राहिले, शाळा बंद झाल्या, दहा हजारांहून अधिक माणसें बोटींनीं व विमानांनीं निघून गेलीं. ते दिवस नेमके छाटणीचे होते. काडी वळवावयाची ती डोळे फुगण्यापूर्वीं. मार्चमध्यें कोंब फुटूं लागले, कीं वळवितांना ते हातांतच गळून पडतात.