आधी खांदा, मग झूल

गेल्या श्रावणातली गोष्ट. पोळा चार दिवसांवर आला होता. मी ओसरीवर बसून बैलांचे गोंडे नीट करीत होतो. एवढ्यात आमची नववीतली नात इंग्रजीची वही घेऊन शेजारी येऊन बसली.

"आजोबा, 'डू अप' म्हणजे काय हो?"

मी जुन्या काळचा मॅट्रिक. 'डू' म्हणजे करणे आणि 'अप' म्हणजे वर, एवढे मला ठाऊक. म्हणून म्हणालो, "वर करणे. दुसरं काय असणार?"

पोरगी खो खो हसली. शाळेत बाईंनी समजावून सांगितले होते, ते तिने मला सांगितले. इंग्रजीत साध्या क्रियापदाला 'अप', 'आउट' असा एखादा चिमुकला शब्द चिकटला की सगळा अर्थच पालटतो. 'गिव्ह' म्हणजे देणे, पण 'गिव्ह अप' म्हणजे नाद सोडून देणे. तसेच 'डू अप' म्हणजे जुनी वस्तू दुरुस्त करून, रंगरंगोटी करून नव्यासारखी करणे. घर 'डू अप' करतात, जुनी गाडीही करतात. इंग्रज माणूस सदऱ्याची बटणे लावतो तेही 'डू अप'च. हा घरगुती बोलण्यातला शब्द आहे. मैत्रिणीच्या पत्रात चालतो, पण सरकारी अर्जात लिहू नये, असेही बाईंनी बजावले होते.

मला गंमत वाटली. म्हटले, अगं, मग आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? 'दिले' आणि 'देऊन टाकले' यांत केवढा फरक! 'खाल्ले' निराळे अन् 'खाऊन घेतले' निराळे. शेपटासारखा जोडलेला शब्द सगळा भाव बदलून टाकतो.

तिच्या वहीत आणखी एक शब्द होता, 'डेक आउट'. त्याचा अर्थ नटवणे, शृंगारणे. त्यातला 'डेक' हा डच भाषेतल्या झाकणे या अर्थाच्या शब्दावरून आला, असे तिने शब्दकोशात पाहिले होते. जहाजाच्या वरच्या तक्तपोशीला 'डेक' म्हणतात, तोही तिथूनच आलेला.

"मग दोन्हींत फरक काय, आजोबा? दोन्हींची वाक्यं करून आणायला सांगितलीत."

हातातला गोंडा तसाच राहिला. हा फरक मला फार चांगला ठाऊक होता. इंग्रजी शब्द ठाऊक नव्हते इतकेच. एक अर्थ मला वडिलांनी शिकवला आणि दुसरा माझ्या चुकीने.

1972 च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आमची लाल कंधारी बैलांची जोडी होती. त्या साली पाऊस रुसला, कडबा संपला. घरातली थोरली माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. तशात पोळा आला. दुकानातून रंग, बेगड आणायला पैसा कुठला? मी रडवेला झालो. शेजाऱ्यांनी दुसऱ्या गावाहून भरजरी झूल मागून आणली होती. आमच्या बैलांच्या अंगावर काय घालायचे?

वडील काही बोलले नाहीत. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. एरवी लोणी अन् हळद लावून बैलांचे खांदे चोळतात. त्या साली गाय आटलेली होती, लोणी नव्हते. वडिलांनी शेजारून वाटीभर तेल उसने आणले, त्यात हळद कालवली आणि कंदिलाच्या उजेडात दोन्ही बैलांचे खांदे चोळत बसले. चोळता चोळता ते बोटांनी चाचपून पाहत. कुठे सूज आहे का, कुठे गाठ लागते का. मग खूर उचलून पाहिले. मग जू काढून आडवे ठेवले आणि एका बाजूला खडबडीत झाले होते तिथे काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत केले.

मी विचारले, "दादा, पण झुलीचं काय?"

ते म्हणाले, "आधी खांदा, मग झूल. झूल एका दिवसाची, जू बारा महिन्यांचं."

दुसऱ्या दिवशी आमचे बैल शिंगांना गेरू लावून आणि गळ्यात आंब्याच्या पानांची माळ घालून वेशीत उभे राहिले. शेजाऱ्यांचा बैल झुलीत राजासारखा दिसत होता. वाजंत्री वाजली, बैल बुजला आणि झूल घसरली. खाली खांदा सोललेला होता, त्यावर माशा बसल्या. वेशीतली माणसे क्षणभर गप्प झाली. मला झुलीचा हेवा वाटला होता, तो तिथेच संपला.

एवढे शिकलो, तरी पुढे विसरलोच.

1996 साली मी बँकेचे कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला. गावात तेव्हा ट्रॅक्टर मोजके. मला तर आभाळ ठेंगणे झाले. पुढे रंगीत गोंडे लावले, आरशाला रेशमी झुंबर लावले, छताला झालर लावली, बसायला मखमली गादी केली, तीन सुरांचा भोंगा बसवला आणि मोठा टेप लावला. ट्रॉली मात्र जुनीच घेतली होती. तिच्या मागचा लाल दिवा फुटलेला होता. परावर्तक तर नव्हतेच. आज लावू, उद्या लावू म्हणत राहिलो. मागची बाजू आपल्याला दिसत नाही ना!

हंगाम सुरू झाला. कारखान्यावर ऊस उतरवून एका रात्री परत येत होतो. वाटेत ट्रॉलीचे चाक पंक्चर झाले. रस्त्याच्या कडेला उभी केली आणि जॅक लावायला बसलो. टेप चालूच होता. त्या आवाजात मागून येणारी मोटारसायकल मला ऐकू आली नाही, आणि त्या पोराला अंधारातली ट्रॉली दिसली नाही.

पोरगा आमच्याच गावातला, विशीतला. जीव वाचला, पण पाय दोन ठिकाणी मोडला. आजही तो लंगडत चालतो. दवाखान्याचा खर्च मी केला. पण पैशाने पाय सरळ होत नाही.

दवाखान्यात त्याची आई मला शिव्या देईल असे वाटले होते. तिने शिव्या दिल्या नाहीत. एवढेच म्हणाली, "भाऊ, गाडी म्होरून नवरीवानी नटवलीस. मागं एक दिवा लावायला काय झालं होतं?"

त्या वाक्याला मला आजवर उत्तर सापडलेले नाही. घरी आलो आणि गोंडे, झालर, टेप सगळे उतरवून ठेवले. वडील तेव्हा हयात होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी नुसते ट्रॉलीच्या मागे जाऊन फुटक्या दिव्यावरून हात फिरवला, खांदा चाचपावा तसा.

हे सगळे मी नातीला सांगितले. शेवटी म्हणालो, "बाळ, मी ट्रॅक्टर 'डेक आउट' केला होता. 'डू अप' करायचा राहिला होता."

तिने वही मिटली. थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आजोबा, आपली ट्रॉली आता बरी आहे ना?"

आता ट्रॅक्टर मुलगा चालवतो. आम्ही दोघे आखाड्यावर गेलो. दिवा लागत होता, पण मागच्या लाल पट्ट्या चिखलाने माखल्या होत्या आणि एक निम्मी उखडली होती. पोरीने बादली आणली, पट्ट्या धुतल्या. मुलाने दुसऱ्या दिवशी बाजारातून नवी पट्टी आणून लावली. अंधार पडल्यावर ती बॅटरी घेऊन लांब उभी राहिली. "दिसतंय, आजोबा! लाल भडक दिसतंय!"

मंडळी, नटवू नका असे मी म्हणत नाही. वर्षभर राबणाऱ्या जनावराला एक दिवस नटवावे, यंत्रालाही हळदकुंकू वाहावे. त्यात माया आहे. पण आधी खांदा पाहावा. जू खडबडीत असेल, जोडीतले बैल उंचीला कमीजास्त असतील, पावसात ओल्या खांद्यावर जू ठेवले असेल, तर खांदेसूज येते. ती झुलीखाली झाकून बरी होत नाही. त्याला विश्रांती आणि पशुवैद्यच हवा. शिंगे चकाकावीत म्हणून खोल साळू नयेत. शिंगाच्या आत जिवंत हाड असते, त्यातून रक्त खेळते. आणि रात्री रस्त्यावर येणाऱ्या ट्रॉलीला मागे लाल दिवा व परावर्तक हवेतच. कायदाही तेच सांगतो. परावर्तकाची पट्टी एका गोंड्याच्या किमतीत येते.

पोळ्याच्या दिवशी आमची उरलेली एक जोडी वेशीत नेली. खांदे आदल्या रात्री नातीने स्वतः चोळले होते. मागून ट्रॅक्टर निघाला, त्याला तिने झेंडूची माळ घातली होती. वाटेत तो लंगडा पोर भेटला. आता तो पोर कसला, दोन लेकरांचा बाप आहे. सवयीने तो ट्रॉलीच्या मागे गेला, पट्टीवर बोट टेकवले आणि मान हलवली.

संध्याकाळी नातीने वहीत दोन वाक्ये लिहिली. त्यांचा अर्थ तिने मला वाचून दाखवला. पहिले वाक्य होते, "आम्ही आमची जुनी ट्रॉली नीट केली." दुसरे होते, "मग आम्ही तिला फुलांनी सजवले."

मी विचारले, "बाईंनी क्रम सांगितला होता का गं?"

"नाही," ती म्हणाली. "क्रम तुमच्या दादांचा."