आयडिया आहे, पण व्हिसा?

पुण्यात जन्मलेले विनोद धाम १९७५ मध्ये शिकायला अमेरिकेला गेले आणि पुढे इंटेलच्या पेंटियम चिपचे जनक म्हणून गाजले. हिंजवडीतल्या आमच्या कॅन्टीनमध्ये हा किस्सा अजून रंगतो. ‘तिकडे गेलं की डोकं चालतं, बॉस!’

सॅन होजेतला माझा मित्र मात्र म्हणतो, ‘डोकं चालतं रे, पाय बांधलेत.’ एच-वन-बीवर नोकरी सुटली, की नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. ग्रीन कार्डाची भारतीयांची रांग तर वर्षानुवर्षांची. त्यामुळे त्याची झकास आयडिया वहीतच पडून आहे.

नवं घडवायला हुशारी लागतेच, पण चालू नोकरीला रामराम ठोकायची मुभाही लागते. ती मला इथे आहे. म्हणून तूर्तास माझी बॅग माळ्यावरच!