बांडगूळ आणि चंदन

यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीकडच्या आमच्या वावराच्या धुऱ्यावर एक म्हातारा आंबा आहे. हिवाळ्यात त्याच्या मधल्या फांदीवर केशरी-लाल, नळीसारखी फुलं दिसतात. ती बांडगुळाची. बाबा दरवर्षी खालून बघतात आणि म्हणतात, "फळ धरायच्या आत तोडून टाक, नाही तं फांदी वायते."

त्यांचं खरं आहे. बांडगूळ चिकटतं तिथं फांदी गाठीसारखी फुगते आणि पुढचा शेंडा हळूहळू वाळतो. पानं हिरवी असल्यानं अन्न ते स्वतः तयार करतं. पाणी आणि क्षार मात्र आंब्याचे घेतं. ते पाणी आपल्याकडे ओढायला पानांतून सतत वाफ सोडावी लागते. म्हणून आंबा तहानेनं पानांची रंध्रं मिटून घेतो, तेव्हाही बांडगूळ आपली उघडी ठेवतं. यवतमाळच्या मे महिन्यात आंब्याला हे किती जड जात असेल!

पण त्याच फुलांवर टिकेलचा फुलटोच्या येतो. चिमणीहूनही पुष्कळ लहान, राखी रंगाचा. कळी चोचीत दाबून उघडतो, मध पितो, परागकण पुढे नेतो. नंतर फळ गिळतो. काही मिनिटांतच बी बाहेर येतं, तेही इतकं चिकट, की ते सोडवायला त्याला फांदीवर अंग घासावं लागतं. हीच बांडगुळाची पेरणी. मातीत पडलेलं बी वाया जातं. पाखरांना बांडगुळाची किती गरज असते, हे बघायला ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी काही रानांतली सगळी बांडगुळं काढून पाहिली. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, तीन वर्षांत तिथल्या रानपाखरांच्या जाती सुमारे एक चतुर्थांशानं घटलेल्या आढळल्या.

माझ्या लहानपणी आमच्याकडे बाबांची एक दूरची आत्या राहायची. तिला मागेपुढे कुणी नव्हतं. एका दिवाळीत, पंगतीत, तिला ऐकू जाईल असं कुणीतरी म्हणालं, "बांडगूळ." ती उठली नाही आणि जेवलीही नाही. आम्हा भावंडांची तापातली सगळी जागरणं तिची होती. तेरवीला मात्र सगळे म्हणाले, "चंदनासारखी झिजली."

पुढे वनस्पतिशास्त्र वाचताना कळलं, की चंदन आणि बांडगूळ एकाच गणातले. चंदनही परजीवीच. त्याची मुळं जमिनीखाली शेजारच्या झाडांची मुळं गाठून पाणी आणि क्षार घेतात. म्हणून चंदन लावणारे शेतकरी रोपाजवळ तूर पेरतात. आपलीच, रोजच्या वरणाची तूर. या गणात आधी मुळांवर जगणं आलं. नंतर काही वंश जमीन सोडून फांद्यांवर चढले, तेही स्वतंत्रपणे पाच वेळा. देवघरात उगाळतो ते खोड आणि शिवी म्हणून वापरतो ते झुडूप, दोघांची घेण्याची रीत मुळात एकच. आत्याला लावलेले दोन्ही शब्द तेव्हापासून मला वेगळे ऐकू येतात.

यंदा आंब्यावरची दोन बांडगुळं फांदीसकट उतरवली; नुसती ओरबाडून ती जात नाहीत. तिसरं पलीकडच्या मोहावर आहे. कोयता हातात घेऊन मी बाबांकडे पाहिलं. वर फुलटोच्या चिकचिकत होता. ते बराच वेळ मान वर करून उभे होते.

"राहू दे एक," म्हणाले.