दृष्टीआड सृष्टी

मनुष्याच्या व्यवहारांत कांहीं धंदे असे आहेत कीं, त्यांत काम करणाराला सारें दिसतें आणि पैसे देणाराला कांहींच दिसत नाहीं. भाजीवाल्याची भेंडी आपण मोडून पाहतों, कापडवाल्याचें कापड चिमटींत धरून पाहतों, कुंभाराचें मडकें टिचकी मारून वाजवून घेतों. परंतु वैद्य, वकील आणि मोटार दुरुस्त करणारा मिस्त्री या तिघांपुढें आपली चिमूट आणि आपले कान अगदीं निरुपयोगी ठरतात. त्यांतहि वैद्याला पदवीचें व वकिलाला सनदेचें कांहीं बंधन असतें. मिस्त्रीच्या दाराशीं बहुधा एक जुना टायर टांगलेला असतो, आणि तेवढ्या खुणेवर भरंवसा ठेवून आपण लाखांची वस्तु त्याच्या स्वाधीन करून घरीं येतों. 'दृष्टीआड सृष्टी' ही म्हण या धंद्याला जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल.

आमच्या छत्रपती संभाजीनगरांत तर या गोष्टीचें विशेष नवल वाटावें. हें शहर पूर्वीं हिमरू शालींसाठीं व पाणचक्कीसाठीं विख्यात होतें. अलीकडच्या पिढ्यांना मात्र तें यंत्रांचें गांव म्हणून अधिक ठाऊक आहे. १९८५ सालीं वाळूज येथें बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, आणि २००१ सालीं शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींत स्कोडा कंपनीच्या मोटारी तयार होऊं लागल्या. ज्या गांवांत गाड्या जन्मास येतात त्या गांवांत त्यांच्या आजारपणाची सोयहि उत्तम असावी, असें कोणासहि वाटेल. कारागिरी येथें खरोखरच विपुल आहे. उणीव आहे ती दुसऱ्याच एका वस्तूची, आणि ती कोणती हें सांगण्यासाठींच हा लेखनप्रपंच.

दुरुस्तीच्या जागा दोन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार श्रीमंती थाटाचा. तेथें थंडगार दिवाणखाना असतो, चहा मिळतो, आणि समोर एक मोठी कांचेची भिंत असते. कांच स्वच्छ असते; पण तिच्यांतून दिसतें तें इतकेंच कीं, एकसारखे कपडे घातलेले कांहीं तरुण लगबगीनें इकडून तिकडे जात आहेत. अशा एका ठिकाणीं मी केवळ तेल बदलून घेण्यासाठीं गेलों होतों. गाडी अवघी सहा हजार किलोमीटर चाललेली. एका विनयशील तरुणानें जॉब कार्ड पुढें केलें. त्यावर तेलाखेरीज इंजिन ड्रेसिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन अशीं भारदस्त नांवें ओळीनें लिहिलेलीं होतीं. मीं विचारलें, "हें न केल्यास काय होईल?" तो प्रांजळपणें म्हणाला, "कांहीं होणार नाही सर, पण केलेलं बरं असतं." हें उत्तर मीं अनेक मित्रांना सांगितलें, आणि जवळजवळ प्रत्येकानें तसाच एक अनुभव मला परत ऐकविला. या प्रकारांत मनुष्य थोडा लुबाडला जातो, पण चहा पिऊन हसत घरीं येतो.

दुसरा प्रकार मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाहीं.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतों, आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झाले. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनीं एक लहानशी, तीन सिलिंडरांची मोटार घेतली. पुढें त्यांचीं मूत्रपिंडें दुबळीं झालीं आणि आठवड्यांतून दोनदां डायलिसिससाठीं रुग्णालयांत जाणें भाग पडलें. तेव्हांपासून ती मोटार चैनीची वस्तु राहिली नाहीं. ती औषधाच्या बाटलीइतकीच आवश्यक झाली. एका वैशाखांत ती तापूं लागली. जालना रस्त्यावर गर्दींत उभी राहिली कीं उष्णतेचा कांटा वर चढे, आणि रस्ता मोकळा होऊन वेग आला कीं तो पुन्हां खालीं येई.

जवळच्या एका गॅरेजांत आम्हीं ती नेली. तेथील उस्तादानें बॉनेट उचललें, क्षणभर आंत पाहिलें आणि निर्णय दिला, "सर, हेड गॅस्केट गेलंय. इंजिन खोलावं लागेल." नऊ दिवस मोटार तेथें होती. त्या नऊ दिवसांत अण्णांना उन्हांतून रिक्षा शोधीत जावें-यावें लागलें. दहाव्या दिवशीं मोटार मिळाली, आणि तिच्याबरोबर कागदाच्या एका कपट्यावर पेन्सिलीनें लिहिलेला ११,४०० हा आंकडा. गॅस्केट, हेडचें फेसिंग, मजुरी, सारें त्या एका आंकड्यांत सामावलेलें होतें.

चवथ्या दिवशीं डायलिसिस आटोपून परत येतांना क्रांती चौकाच्या सिग्नलपाशीं बॉनेटखालून वाफ उसळली. दुपारचे अडीच वाजले होते. डायलिसिसनंतर मनुष्य पिळून काढल्यासारखा होतो. रस्त्याकडेच्या एका रसवंतीवाल्यानें धांवत येऊन अण्णांना स्टूल दिलें आणि उसाच्या रसाचा पेला पुढें केला. पण अण्णांना पाणीसुद्धां मोजून प्यावें लागतें. त्यांनीं हात जोडले, पेला परत केला आणि घामानें डंवरलेल्या कपाळानें ते तसेच बसून राहिले. त्या तासाभराची किंमत कोणत्या बिलांत लिहावयाची?

दुसऱ्या दिवशीं आम्ही त्या उस्तादाकडे गेलों. अण्णा रागावले नाहींत. त्यांनीं इतकेंच म्हटलें, "माझं जुनं गॅस्केट मला दाखवा." उस्तादानें हाताखालच्या पोराला खूण केली. सोळा-सतरा वर्षांचें तें पोर कोपऱ्यांतल्या ढिगाऱ्यांतून एक काळपटलेलें गॅस्केट घेऊन आलें. अण्णांनीं तें उजेडाकडे धरलें आणि वर्गांत मोजावें तसें मोठ्यानें मोजलें, "एक, दोन, तीन, चार." मग ते शांतपणें म्हणाले, "उस्ताद, माझ्या गाडीला सिलिंडर तीन आहेत."

उस्ताद हंसला. "जुना माल एकत्रच पडतो सर, पोरगं चुकलं," असें म्हणून त्यानें त्या पोरावरच तोंड टाकलें. पोरानें एकदां अण्णांकडे पाहिलें आणि मान खालीं घातली. आमचें इंजिन उघडलें गेलें असेल वा नसेल, दृष्टीआड सृष्टी! परतीच्या वाटेवर अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अकरा हजारांचं दुःख आहेच. पण त्या पोराला आज तिथं काय शिकवलं गेलं, ते मला अधिक सलतं."

पुढें छावणींतील एका वृद्ध मिस्त्रीचें नांव कोणीं सुचविलें. पत्र्याच्या छपराखालीं त्याचें दुकान होतें. त्यानें बॉनेट उघडण्यापूर्वीं प्रश्न विचारला, "गाडी तापते केव्हां? पळताना की थांबल्यावर?" हा साधा प्रश्न त्या नऊ दिवसांत कोणींहि विचारला नव्हता! मोटार धांवत असतांना समोरचा वारा रेडिएटरला आपोआप थंड करतो. ती उभी राहिली कीं तें काम पंख्याला करावें लागतें. म्हणून जी गाडी केवळ थांबल्यावर तापते तिचा पंखा आधीं पाहावा, हा या विद्येंतील प्राथमिक धडा. म्हाताऱ्यानें तेलाच्या झांकणाची आंतली बाजू आम्हांला दाखविली. गॅस्केट फुटून पाणी तेलांत मिसळलें असतें तर तेथें दुधाळ साका दिसला असता. तसा तो नव्हता. मग त्यानें पंख्याचा रिले काढून त्या जागीं तारेचा तुकडा जोडला, आणि पंखा गरगर फिरूं लागला. पंखा शाबूत होता. दोष त्या काड्यापेटीएवढ्या रिलेंत होता.

त्यानें हिशेब सांगितला, "रिलेचे दोनशे वीस. शोधून काढायचे तीनशे." आणि थोडें थांबून तो म्हणाला, "सर, पुष्कळ लोक सामानाचे देतात, शोधायचे देत नाहीत. म्हणतात, दहा मिनिटांचं तर काम!" अण्णांनीं पांचशें वीस रुपये त्याच्या हातीं ठेविले आणि तीनशें रुपयांची वेगळी ओळ घालून त्याच्याकडून बिल लिहून घेतलें.

वाचकहो, त्या वृद्धाच्या वाक्यांत या सगळ्या दुखण्याचें निदान आहे, असें मला वाटतें. आपला समाज लोखंडाचे पैसे विनातक्रार देतो. बुद्धीचे देतांना मात्र घासाघीस करतो. चार हजारांचा सुटा भाग म्हटला कीं पाकीट उघडतें, आणि दोषाच्या शोधाचे तीनशें म्हटले कीं कपाळावर आठी पडते. मग कारागीरहि शहाणा होतो. ज्या ज्ञानाला दाम मिळत नाहीं तें तो विकावयास ठेवीत नाहीं. तो लोखंड विकूं लागतो, आणि आपली मजुरी त्या लोखंडाच्या किंमतींत दडवितो. एकदां दडविण्याची संवय लागली कीं मग तीनाच्या जागीं चार छिद्रांचें गॅस्केट दाखवितांना हात कांपत नाहीं. याचा अर्थ लबाडी क्षम्य आहे असा नव्हे. त्या उस्तादानें केलें तें निखालस पापच होय. कारण त्यानें एका आजारी मनुष्याला भर उन्हांत रस्त्यावर बसविलें. पण रोगाचें मूळ ठाऊक असल्याशिवाय उपाय सुचत नाहीं.

हा दोष केवळ आपल्या देशाचा आहे, असें कोणीं समजूं नये. 'रीडर्स डायजेस्ट' या मासिकानें १९४१ सालीं अमेरिकेंत एक परीक्षा घेतली होती. धडधाकट मोटारीच्या इंजिनांतील कॉइलची तार मुद्दाम सोडवून ती मोटार तेथील ४८ राज्यांतील ३४७ गॅरेजांत नेण्यांत आली. तार जागेवर बसविणें हें क्षणाचें काम. पण शेंकडा ६३ ठिकाणीं नसलेलें दुखणें सांगून किंवा न केलेल्या कामाचे पैसे लावून प्रवाशाला फसविण्यांत आलें. पुढें १९७० सालीं जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानें जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. जेथें विकणाराला सारें ठाऊक असतें व घेणाराला कांहींच ठाऊक नसतें, तेथें घेणारा सर्वांनाच संशयानें कमी भाव देतो, आणि त्या भावांत चांगला माल टिकाव धरूं शकत नाहीं, असें त्याचें प्रतिपादन होतें. २००१ सालीं त्याला अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, त्याच्या मुळाशीं हाच विचार होता. गॅरेजांनाहि तो तंतोतंत लागू पडतो. आपण सर्वच मिस्त्रींना चोर समजूं लागलों, तर छावणींतील म्हाताऱ्याचें दुकान आधीं बंद पडेल. चोराचें कांहींच बिघडणार नाहीं.

कायद्यानें या बाबतींत बरेंच साहाय्य केलें आहे. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ चा; त्याच्या जागीं आलेला २०१९ चा कायदा २०२० च्या जुलैपासून अंमलांत आला. त्यान्वयें केलेल्या कामाचें बिल न देणें हीसुद्धां अनुचित व्यापारी प्रथा ठरते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे सेवेंतील उणिवेविषयीं तक्रार करतां येते, आणि मोजलेली रक्कम पांच लाखांपर्यंत असेल तर त्या तक्रारीस शुल्क पडत नाहीं. २०२२ च्या २४ डिसेंबरला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक दिनीं, केंद्र शासनानें दुरुस्तीच्या हक्कासाठीं एक संकेतस्थळ उघडलें. त्यांत मोटारींचाहि समावेश आहे. तेव्हां काम सांगतांना अंदाज लेखी घ्यावा, बदललेला जुना भाग परत मागावा आणि बिल तपशीलवार घ्यावें. असें मागणें हा अविश्वास नव्हे. प्रामाणिक कारागीराला त्याचा राग येत नाहीं. उलट आपली विद्या कोणी तरी पाहत आहे याचा त्याला संतोषच होतो.

याचा दाखला आमच्या गांवाच्या पोटांतच आहे. मलिक अंबरानें सतराव्या शतकांत येथें बांधलेल्या नहरीचें पाणी जमिनीखालून येत असे. तें कोणाच्याहि दृष्टीस पडण्याजोगें नव्हतें. तरी तिच्या वाटेवर ठिकठिकाणीं वर उघडणारीं तोंडें ठेवून, आंत उतरून पाहण्याची व गाळ काढण्याची सोय बांधणारांनीं केली होती. जें काम दृष्टीआड चालतें त्याला पाहणीचें एखादें तोंड असलेंच पाहिजे, हें त्या जुन्या स्थापत्यविशारदांना उमगलें होतें.

या पानांवर नजर टाकणाऱ्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं उद्यां अभियंते होतील, कांहीं आय.टी.आय.मध्यें मोटार-मिस्त्रीची विद्या शिकतील, आणि बहुतेक सर्वजण केव्हां ना केव्हां एखाद्या मिस्त्रीच्या दारांत उभे राहतील. जे हत्यार हातीं घेतील त्यांनीं आपण होऊन झांकण उघडून दाखवावें आणि शोधाचे पैसे शोधाच्याच नांवानें मागावे. जे दारांत उभे राहतील त्यांनीं ते न कुरकुरतां द्यावे. असें झालें, तर कोपऱ्यांतील ढिगाऱ्यांतून वाटेल तें गॅस्केट उचलून आणण्याची पाळी कोणत्याहि पोरावर येणार नाहीं. आणि तें पोर आपल्या उस्तादाकडून एकच विद्या शिकेल, ती म्हणजे बिघडलेलें नीट करण्याची.