काजळीआधीचा टायर

मिशेलिन या फ्रेंच कंपनीचा टायरांच्या वळ्यांचा जाडजूड माणूस १८९८ साली जाहिरातीत अवतरला. तो पांढरा आहे, आणि ही चित्रकाराची लहर नव्हे. त्या काळी टायर खरोखरच फिके असत. रबराचा चीक दुधासारखा. त्यात मिसळत ती जस्ताची पूडही पांढरीच.

मग काजळी आली. सिल्व्हरटाउन या लंडनच्या भागातील कारखान्यात १९०४ च्या सुमारास लक्षात आले की, रबरात काजळी मिसळली तर ते कितीतरी चिवट होते. कंदिलाच्या काचेवर धरते तिचीच ही बहीण, फक्त कारखान्यात मापून तयार केलेली. ती रबराला उन्हापासूनही राखते. बाळाच्या गालावरची तीट दृष्टीपासून राखते म्हणतात. टायरच्या बाबतीत मात्र काळ्या रंगाचा गुण प्रयोगशाळेत सिद्ध झाला.

आरंभी ही काजळी रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यातच घालीत. बाजू पांढऱ्या राहिल्या त्या काटकसरीने! सबंध काळा टायर तेव्हा महाग, म्हणून तोच श्रीमंतीचा. पुढे काळे टायर सर्रास झाले आणि प्रतिष्ठेने कूस बदलली. १९३४ साली फोर्ड पांढऱ्या बाजूंसाठी ग्राहकांकडून जादा पैसे घेऊ लागली.

याच दशकात कोल्हापूरच्या राजाराम महाराजांसाठी जर्मनीची मेबॅक मोटार आली. ती आजही दसऱ्याला दसरा चौकात येते. राजवाड्यातील मोटारीची निगा राखायला माणसे असत. पांढऱ्या बाजूंचा खरा खर्च तिथेच होता. रस्त्याचा चिखल, ब्रेकची काळी भुकटी, फुटपाथच्या कडेचा ओरखडा, सारे त्यावर उमटते. ती शुभ्रता रोज कोणाच्या तरी हातांनी घासून काढलेली असे, आणि ते हात बहुधा मालकाचे नसत. जुन्या मोटारींच्या कौतुकात हे हात सहसा दिसत नाहीत.

१९४२ च्या आरंभी जपानने मलाया घेतला, रबर दुर्मीळ झाले आणि अमेरिकेत पांढरे पट्टे दिसेनासे झाले. युद्धानंतर ते परतले, १९५० च्या दशकात मिरवले आणि नंतर अरुंद होत ओसरले.

सायकलींनी मात्र ती हौस सोडली नाही. पांढऱ्या बाजूंची सायकल घेऊन पावसाळ्यात कळंब्याहून शहरात येणाऱ्याला नोकर नसतो. उसाच्या शिवारातला चिखल चाकांवर वाळण्याआधी बादली, साबण आणि काथ्या घेऊन त्यालाच बसावे लागते.