लॉख सुनार्टच्या काठावरची एक रात्र

ऐंशीच्या घरातील माणसाला समुद्रकाठी तंबूत मुक्कामाला न्यावे का, असे एखाद्या रुग्णाच्या मुलाने विचारले असते, तर मी क्षणाचाही विचार न करता नकार दिला असता. पंचवीसहून अधिक वर्षांच्या वैद्यकीय व्यवसायात नकार जिभेला सवयीचा होऊन जातो. परंतु तीन वर्षांपूर्वी हा हट्ट माझ्या वडिलांनीच धरला.

बाबा तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे होते. मे महिन्यात आम्ही ग्लासगोला भावाकडे गेलो होतो. त्याचा सव्वीस वर्षांचा मुलगा सुटीत मित्रासह स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर तंबू ठोकतो आणि पाण्यात बुडी मारून भाल्याने मासे मारतो, हे ऐकल्यापासून बाबांचे एकच पालुपद सुरू झाले : "मला तिथे एक रात्र न्या." देवगडच्या खाडीकाठी त्यांचे बालपण गेलेले. मात्र त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, त्यासाठी वॉरफेरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे आणि रात्री दोनदा लघवीला उठावे लागते. भाऊ आणि मी दोन दिवस कुजबुजत खल केला आणि अखेरीस होकार दिला. या चर्चेत बाबांना बसवून घेण्याचे आम्हा दोघांनाही सुचले नाही. ती चूक पुढे भोवली.

ग्लासगोहून उत्तरेस ग्लेन्कोची दरी ओलांडली की कोरनची छोटी फेरीबोट मोटारीसह पाचेक मिनिटांत पलीकडे सोडते. तेथून डोंगर उतरून आपण स्ट्रॉन्टियन गावी येतो. या गावाशी आम्हा डॉक्टरांचे जुने नाते आहे. येथील शिशाच्या खाणींत सापडलेल्या खनिजावरूनच स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याला नाव मिळाले. हाडांच्या ठिसूळपणावर या मूलद्रव्याची पूड पाण्यात कालवून घेतल्याचे आपल्यापैकी काहींना आठवत असेल. हृदयविकाराच्या धोक्यामुळे पुढे तिचा वापर फार मर्यादित झाला.

याच गावापाशी लॉख सुनार्ट सुरू होतो. प्राचीन हिमनद्यांनी कोरलेल्या दरीत समुद्र शिरून तयार झालेली ही सुमारे ३१ किलोमीटर लांबीची चिंचोळी खाडी. काठावर शेवाळाने मढलेले ओकवृक्ष आणि खाली तपकिरी समुद्रवनस्पतींनी झाकलेले खडक. उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतील फरक तीन मीटरांच्या वर जातो, म्हणून तंबू भरतीच्या रेषेपासून बराच वर लावायचा. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने तंबू लावण्याचा हक्क सर्वांना दिला आहे. माणसे थोडी असावीत, एका जागी दोन-तीन रात्रींहून अधिक राहू नये आणि मागे खूणही उरू नये, एवढीच अपेक्षा. आम्ही रस्त्यापासून शे-दीडशे पावलांवरची जागा निवडली. बाबांसाठी घडीची खाट आणि पाठीची खुर्ची नेली होती.

दुपारी दोन्ही मुले जाड वेटसूट चढवून पाण्यात उतरली. मे महिन्यात तेथील समुद्राचे तापमान दहा अंश सेल्सिअसच्या आसपास असते. एवढ्या थंड पाण्यात अचानक शिरल्यास पहिल्या एक-दोन मिनिटांत श्वास धापेसारखा आत ओढला जातो आणि नाडी व रक्तदाब एकदम उसळतात. दुबळ्या हृदयाला हा धक्का जीवघेणा ठरू शकतो. त्यामुळे वृद्धांनी त्या पाण्यात उतरू नये, यात तडजोड नाही. धडधाकट तरुणांनाही दुसरा धोका असतो. श्वास रोखून बुडी मारणाऱ्याची शुद्ध वर येताना कोणत्याही सूचनेविना हरपू शकते. म्हणून आमची मुले कधीच एकदम बुडी मारीत नाहीत. एक खाली असताना दुसरा पृष्ठभागावरून त्याच्यावर नजर ठेवतो. त्यांनी दोन पोलॅक आणले. सामन मासा दिसला तरी त्यावर भाला चालवायचा नाही, तेथे तो गुन्हा आहे.

आम्ही सारे मुलांकडे पाहत असताना बाबा खुर्चीवर नव्हते. ओहोटीने उघड्या पडलेल्या खडकांपाशी ते वाकले होते आणि त्यांच्या टोपीत मूठ-दोन मूठ शिणाणे जमले होते. काळ्या-निळ्या शिंपल्यांतले, खडकाला घट्ट चिकटलेले, हुबेहूब आपल्या किनाऱ्यासारखे. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"टाकून द्या ते!" मी जवळजवळ ओरडलेच.

"अगं, तू डॉक्टर होण्याच्या आधीपासून मी शिणाणे खातोय," ते म्हणाले.

वैद्यकीयदृष्ट्या माझे म्हणणे बरोबर होते. शिणाणे पाणी गाळून अन्न मिळवतात. पाण्यात विशिष्ट सूक्ष्म शैवालांची वाढ झाली की त्यांचे विष शिंपल्यांत साठते. रंग, वास किंवा चव यांवरून ते ओळखता येत नाही आणि शिजवल्याने नष्टही होत नाही. काही विषांमुळे ओठ व जीभ बधिर होऊन पुढे श्वासाचे स्नायू लुळे पडतात. त्यावर उतारा नाही, यंत्राने श्वास चालू ठेवणे एवढाच उपाय. १९९७ मध्ये केरळच्या विळिंजम किनाऱ्यावर अशाच शिंपल्यांनी माणसे दगावली होती. विक्रीसाठी जेथून शिंपले काढतात, तेथील नमुने स्कॉटलंडचे अन्न-सुरक्षा खाते तपासते. स्वतः वेचलेल्या शिंपल्यांना ती हमी नसते. शिवाय रात्री ती फेरीबोट बंद असते आणि फोर्ट विल्यमच्या रुग्णालयापर्यंत मोठा वळसा पडतो.

हे सारे मी बाबांना ग्लासगोतच शांतपणे सांगू शकले असते. ते नातवासमोर टोपी हातात धरून उभे राहिले, तेव्हा मला जाणवले की मी त्यांना एखाद्या खोडकर मुलासारखे दटावले होते. मी खडकावर बसले आणि वर लिहिलेली सगळी हकिकत त्यांना सांगितली. त्यांनी दोन-तीन नेमके प्रश्न विचारले. मग म्हणाले, "हे आधी सांगितलं असतंस, तर मी नुसते बघून आलो असतो." ते खाली उतरले आणि एकेक शिणाणे पुन्हा खडकाच्या फटीत ठेवून आले. नातू मागे उभा राहून त्यांचा तोल सांभाळत होता.

संध्याकाळी गॅसच्या शेगडीवर भात आणि हळद-कोकम लावलेला पोलॅक झाला. पुतण्याने स्वच्छ पाण्यातून खुडलेली डल्स नावाची तांबूस समुद्रवनस्पती तव्यावर कुरकुरीत केली. बाबांना मी त्यातली चिमूटभर दिली, यावेळी कारणासह. समुद्रवनस्पतींत, विशेषतः हिरव्या प्रकारांत, के जीवनसत्त्व असते. ते एकाएकी जास्त पोटात गेल्यास वॉरफेरिनचा परिणाम कमी होतो. थायरॉइडच्या रुग्णांनी केल्प या जाड तपकिरी प्रकारापासून दूर राहावे, त्यात आयोडीन फार असते. "म्हणजे मीठ-मसाल्याइतकी," असे म्हणत त्यांनी ती चिमूट चवीने खाल्ली.

साडेनऊ वाजून गेले तरी उजेड होता. रात्री पारा सात-आठ अंशांवर उतरला. वृद्धांच्या शरीराला थंडीची जाणीव उशिरा होते, म्हणून ते कुडकुडण्याची वाट न पाहता आम्ही आधीच कोरडे लोकरी कपडे, टोपी आणि मोजे घातले. खाटेखाली जाड चटई, उशाशी बॅटरी आणि हाताशी युरिन पॉट ठेवला. अंधारात ओल्या दगडांवरून चालत जाण्यापेक्षा हा साधा उपाय मांडीचे हाड वाचवतो. वॉरफेरिन घेणाऱ्याच्या डोक्याला लागलेला किरकोळ मारही गंभीर ठरू शकतो. सकाळी सर्वांचे पाय, काखा आणि जांघा तपासल्या, कारण तेथील गवतातील गोचिडींमुळे लाइम नावाचा आजार होतो.

पहाटे जाग आली तेव्हा बाबा ब्लँकेट पांघरून तंबूच्या दाराशी बसलेले दिसले. भरती चढली होती आणि शिणाण्यांचा खडक पूर्ण बुडाला होता. "झोप लागली का?" मी विचारले. "कशाला झोपू?" ते म्हणाले.

काळजीवाहक वाचकहो, आपण लॉख सुनार्टला जाल असे नाही. आपल्या घरातील ज्येष्ठांना कदाचित गावची विहीर पाहायची असेल, नदीकाठी बसायचे असेल. निघण्यापूर्वी औषधांची यादी, जवळच्या रुग्णालयाचे अंतर आणि रात्रीची सोय अवश्य पाहा. काही गोष्टींना ठाम नकारही द्या. मात्र ती चर्चा त्यांच्या पाठीमागे करू नका. कारण कळले, तर बहुतेक वृद्ध आपण समजतो त्यापेक्षा अधिक समंजसपणे वागतात.

बाबा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि फारसे बाहेर पडत नाहीत. पण नातवाचा फोन आला की आधी विचारतात, "तिकडे आज भरती किती वाजता?"